दोन हजारांतला टॅक्टिकल बूट: वरून नाही, खालून आणि आतून बघ

केज तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. वाळूज एमआयडीसीत गोदामावर बारा तासांची रात्रपाळी, महिन्यातून चार-पाच दिवस गावाकडे वावरातलं काम. कामावर लागताना घेतलेल्या काळ्या, आठ इंची 'टॅक्टिकल' बुटाचा सोल चौथ्या महिन्यात उघडला, शिवाय सकाळी टाचा ठणकतात. आता दोन हजारांच्या आत बूट घ्यायचा तर तो टिकेल का, हे आधीच कसं ओळखायचं? आणि वनरक्षक भरतीची तयारी करणाऱ्या धाकट्या बहिणीला असाच बूट चालेल का?

बाळा, मी सतरा वर्षं पायदळात होतो. बेळगावच्या सेंटरला पायात डीएमएस, म्हणजे थेट ओतलेल्या तळाचा फौजी बूट चढला तो निवृत्तीच्या दिवशीच उतरला. आता बारा वर्षं झाली, बालाघाटाच्या पायथ्याशी एका साखर कारखान्याची सुरक्षा बघतो. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी पहारेकऱ्यांचे बूट मीच निवडतो आणि प्रत्येक जोडीची वहीत नोंद ठेवतो: कोणाला दिला, कोणत्या पॉइंटवर होता, किती दिवस टिकला आणि कुठून गेला. हा शेवटचा रकाना मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. त्यात 'चामडं फाटलं' असं क्वचित सापडतं. सोल सुटला, टाच आतून बसली, चेन गेली, पानामागून पान हेच तीन शेरे आहेत. आणि दुकानात आपण बघतो काय, तर चामड्याची चकाकी, बाजूचे खिसे आणि वरची जाळी. तुझा पहिला बूट असाच घेतला गेला असणार. त्यात तुझी चूक नाही, बूट कुठून मरतो हे कोणी आपल्याला दाखवतच नाही.

आधी त्या शब्दाचं बघू. 'टॅक्टिकल' हा काही दर्जा नाही. कामाच्या बुटांसाठी आपल्याकडे आयएस १५२९८ हे मानक आहे. त्याच्या भाग २ मधल्या सेफ्टी बुटाच्या बोटांवरच्या कडक टोपीने २०० जूलचा मार सोसायला हवा, म्हणजे साधारण २० किलोचं वजन एक मीटरवरून पडावं तेवढा. भाग ४ मध्ये टोपी नसलेले कामाचे बूट येतात. टॅक्टिकल नावाचा प्रकार त्यात नाही. म्हणून खोक्यावर तो शब्द असला की त्याचा अर्थ एवढाच घ्यायचा की बूट उंच आहे आणि फौजेतल्यासारखा दिसतो. आयएसआयची खूण आणि तिच्याजवळ मानकाचा आकडा असेल तर त्याला किंमत आहे.

आता बूट मरतो कसा ते सांगतो, कारण हे समजलं की तपासणी आपोआप सुचते.

काही वर्षांपूर्वी एका पुरवठादाराकडून आम्ही एकदम मोठी खरेदी केली. बूट नवेकोरे, खोकी बंद, तळ हलका आणि मऊ. पोरांनी घातल्याबरोबर 'साहेब, चप्पलसारखा वाटतो' म्हणाली. पंधरा दिवसांत यार्डातल्या एका पहारेकऱ्याच्या टाचेचा तुकडा उसाच्या गव्हाणीजवळच्या चिखलात राहिला. दुसऱ्याने बूट उलटा करून अंगठा दाबला तर तळ ओल्या बिस्किटासारखा चुरला. महिनाभरात निम्म्याहून जास्त जोड्या गेल्या. मला आधी वाटलं, माल नकली. आमच्या गावचे बूट शिवणारे काका आहेत, चाळीस वर्षांपासून आरी-रापी हातात असलेले. त्यांनी एक बूट रापीने उभा चिरला आणि म्हणाले, "नकली नाही, हा म्हातारा आहे."

तो तळ पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा होता. पीयू हलका असतो, धक्का चांगला झेलतो, म्हणून आज स्वस्त बुटांत तो सर्रास आहे. पण हवेतली ओल आणि उष्णता मिळून त्याच्या आतल्या रासायनिक साखळ्या हळूहळू तोडतात, आणि यासाठी बूट घालावाही लागत नाही. बंद खोक्यात, पत्र्याच्या गोदामात पडून पडूनसुद्धा तो आतून विरत जातो. बाहेरून चकचकीत राहतो, पायात घालून चार पावलं टाकली की भेगाळतो. त्या मालाचे तळ बघितले तर तयार होऊन बरीच वर्षं उलटलेली. 'भरघोस सवलत' म्हणून जे बूट विकायला येतात त्यांत असा जुना साठा असू शकतो. त्या हंगामात दोन माणसं अनवाणी टाचेने रात्रपाळी करत होती, ते मी विसरलेलो नाही. तेव्हापासून तारीख बघितल्याशिवाय एक जोडी मी घेत नाही.

तारीख कुठे असते? खोक्यावर महिना आणि वर्ष छापलेलं असतं. त्याहून खात्रीची जागा म्हणजे तळ. साच्यात ओतलेल्या बऱ्याच तळांवर, कमानीच्या भागात, छोट्या घड्याळासारखं वर्तुळ असतं. मधे वर्षाचे दोन आकडे आणि कडेच्या महिन्यांपैकी एकाकडे रोखलेला बाण. वर्ष-दीड वर्षाच्या आतला पीयू मी घेतो, तीन वर्षं झालेला फुकट दिला तरी नको. तारीख नसेल तर टाचेच्या कडेला नख रुतव. ताजा पीयू दबतो आणि लगेच वर येतो. खूण तशीच राहिली किंवा बारीक तडा दिसला तर बूट खाली ठेव आणि दुकानातून बाहेर पड.

दुसरं मरण सोल सुटण्याचं, म्हणजे तुझ्या बुटाचं. स्वस्त बुटाला तळ तीन पद्धतींनी लागतो. एक, नुसता गोंदाने चिकटवलेला. दोन, साच्यात वरच्या भागावर थेट ओतलेला, आमचा डीएमएस याच जातीचा. तीन, शिवलेला. चिकटवलेला बूट वाईटच असतो असं नाही, पण आपल्या मुलखात त्याची परीक्षा कठीण आहे. हा गोंद कारखान्यात मुळात तापवूनच जागा करतात आणि मग दाबून बसवतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो तेव्हा डांबरी रस्ता साठ अंशांच्या वर जातो. त्यावर तासन् तास उभं राहिलं की तोच गोंद पुन्हा मऊ पडायला लागतो, आणि मऊ असताना चवडा वाकला की कड उचलते. एकदा केसाएवढी फट पडली की माती आत शिरते आणि पाचरीसारखं काम करते.

म्हणून दुकानातच एक गोष्ट कर. जाडसर कागद, जुनी लग्नपत्रिका चालेल, घे आणि तळ व वरचा भाग जिथे मिळतात त्या रेषेवरून पूर्ण फिरव. कागदाचा कोपरा कुठेही आत शिरला तर ती जोडी नको. मग चवड्यात बूट जोरात वाकव आणि वाकलेल्या अवस्थेत पुन्हा फिरव. कडेला शिलाई दिसली म्हणून हुरळून जाऊ नकोस. कित्येक तळांवर ती नुसती नक्षी असते, साच्यातच उठवलेली किंवा कडेपुरती घातलेली. आतली सुकतळी उचल, मोबाईलचा टॉर्च मार. खरी आरपार शिलाई असेल तर धागा आत दिसतो. सुकतळी उचलू न देणारा दुकानदार भेटला तर दुसऱ्या दुकानात जा.

सुकतळी उचललीच आहे तर खाली काय आहे तेही बघ. पुठ्ठा असेल तर अंगठ्याने दाबल्यावर कोरडा, पोकळ आवाज येतो, आणि एका पावसाळ्यात तो पापडासारखा फुगतो. टाचेच्या मागची भिंत दोन बोटांत धरून दाब. ती कडक हवी. ती ढिली असेल तर बूट महिन्याभरात एका बाजूला कलंडतो आणि तुझा घोटाही त्याच्याबरोबर कलंडतो. तुझा ठणका याच जागेचा असण्याची शक्यता मला जास्त वाटते, कारण तू नुसता 'तळवा दुखतो' म्हणाला नाहीस, टाच म्हणालास. मग बूट मधोमध वाकवून बघ. चांगला बूट चवड्यात वाकतो, कमानीत वाकत नाही. कमानीत घडी पडली तर आत आधाराची पट्टी नाही किंवा नावापुरती आहे. काँक्रीटवर बारा तास उभं राहणाऱ्याने असा बूट घ्यायचाच नाही.

चामड्याबद्दल थोडक्यात सांगतो. दोन हजारांच्या आत अस्सल वरच्या थराचं चामडं क्वचित मिळतं. मिळतो तो खालचा थर, त्यावर प्लास्टिकचा लेप. कापलेली कड बघ: धागेधागे तंतू दिसले तर चामडं, कापडाचं अस्तर दिसलं तर रेक्झिन. रेक्झिन घडीवर तडकतं, त्यामुळे चवड्याच्या जागी ते नको. घोट्याच्या वर जाड कापड किंवा नायलॉन असेल तर मला ते पूर्ण चामड्यापेक्षा बरं वाटतं, आपल्या उन्हात पाय श्वास घेतो.

आता आपल्या मातीकडे येतो. काळी माती बसाल्टची, त्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर. पाणी प्यायली की ती फुगते आणि धरली की सोडत नाही. पांदणीतून पावसाळ्यात शंभर पावलं चाललास की दोन्ही पायांना किलोकिलोचे लोंदे लागतात, हे तुला मी सांगायला नको. आणि पायातलं वजन पाठीवरच्या वजनासारखं नसतं. पायात एक किलो वाढवला तर शरीराला पाठीवरच्या जवळपास पाच किलोंइतकं जड पडतं. म्हणजे खोल, दाट नक्षीचा तळ जो दुकानात दणकट दिसतो, तोच काळ्या रानात तुला बैलासारखा ओढायला लावतो.

हा धडा अमेरिकी सैन्यही शिकलं होतं. व्हिएतनाममध्ये सुरुवातीच्या जंगल बुटांना डोंगरात चालणारी खोल, दाट खोबण्यांची नक्षी होती. ती चिखलाने भरून गुळगुळीत व्हायची. मग १९६६ च्या सुमारास दुसऱ्या महायुद्धातली, १९४४ मध्ये पुढे आलेली 'पनामा' नक्षी परत आणली गेली: तिरपे ठोकळे, मधे रुंद मोकळ्या वाटा. पाऊल वाकलं की चिखल आपोआप बाहेर ढकलला जातो. म्हणून तळ उलटा करून खोबण्यांची रुंदी बघ. तुझी करंगळी खोबणीत सहज बसावी आणि खोबणी कडेला उघडी असावी. सगळ्या बाजूंनी बंद खोबणी म्हणजे चिखलाचा साचा. वाळूजच्या गोदामात या नक्षीने काही बिघडत नाही. फक्त तळ टणक प्लास्टिकचा, म्हणजे पीव्हीसीचा नको, तो ओल्या गुळगुळीत फरशीवर घसरतो. रबर सगळ्यांत बरं, जड असलं तरी. मधे पीयूचा थर आणि खाली रबर असा दुहेरी तळ बजेटमध्ये मिळाला तर तो घे.

आमच्या यार्डात आणखी एक शत्रू असतो: बैलांच्या नालांचे गळून पडलेले खिळे. तुझ्याकडे गावाला बाभळीचा काटा आहे, सराटा आहे. मऊ पीयू एवढा मऊ असतो की वाळलेला बाभळीचा काटा त्यातून आरपार येतो. वावरात घालणार असशील तर नुसता पीयू तळ नको, एवढं लक्षात ठेव.

मापाचं काम संध्याकाळी कर. दिवसभरात पाय फुगतो, सकाळी नेमका बसलेला बूट रात्री दोनला चावतो. भिंतीला टाच लावून कागदावर उभा राहा, दोन्ही पायांची लांबी मिलिमीटरमध्ये मोज आणि मोठ्या पायाचं माप धर. आपल्याकडचे आठ, नऊ हे आकडे ब्रिटिश पद्धतीचे. एका नंबरमागे साडेआठ मिलिमीटरचा फरक पडतो, अर्ध्या नंबरला सव्वाचार. नाड्या न बांधता पाय बुटात पुढे सरकवला की टाचेमागे एक बोट जावं, आणि टाच मागे ठोकून नाड्या बांधल्यावर अंगठ्यापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहावी. मग जिना उतर. उतरताना बोटं पुढे आपटली तर घाटात नखं काळी पडणार. जिना चढ. टाच आत अर्ध्या बोटापेक्षा जास्त उचलली तर फोड येणार. पायाचा ठसाही एकदा बघून ठेव: पाय ओला करून शहाबादी फरशीवर उभा राहा. पूर्ण तळवा उमटला तर पाय सपाट आहे, मग कमानीला आधार देणारी वेगळी सुकतळी लागू शकते.

बूट नेटवरून मागवणार असशील तर पहिले तीन दिवस घराबाहेर घालायचा नाही. कारण सांगतो: तळाला माती लागली की परत घेताना वाद होतात. रोज संध्याकाळी कामावरचेच मोजे घालून घरात दीड तास घाल. त्यातली चाळीस मिनिटं एका जागी उभा राहा, मोबाईल हातात न घेता. चालताना बूट गोड वाटतो, कारण पाय हलत राहतो. दुखणं उभं राहिल्यावर बाहेर येतं, आणि तेही अर्ध्या तासानंतर. मग मोजे काढ आणि पायावरचे लाल डाग बघ. अर्ध्या तासात मावळले तर बूट आणि पाय एकमेकांना ओळखतायत. तिसऱ्या दिवशीही त्याच जागी डाग असेल आणि बोट लावल्यावर दुखत असेल तर बूट परत कर. 'घालून घालून सैल होईल' हे चामड्याला थोडं लागू आहे. टाचेच्या भिंतीला आणि बोटांवरच्या टोपीला लागू नाही.

चौथ्या दिवसापासून रानातली तपासणी. मी नव्या प्रकारची एकच जोडी आणतो, स्वतः घालतो, आणि तीन आठवड्यांनी ठरवतो. प्रयोगशाळेत तळाला छोटा छेद देऊन तो तीस हजार वेळा वाकवतात आणि छेद चार मिलिमीटरपेक्षा जास्त वाढू नये, अशी अट असते. आकडा मोठा वाटतो. पण दिवसाला दहा हजार पावलं म्हणजे एका पायाची पाच हजार, आणि सहा दिवसांत तीस हजार झालीच. म्हणून आठवडाभरात बूट छान वाटला याचा अर्थ काही नाही. तीन आठवडे, रोज, हे माझं किमान आहे.

पहिल्या दिवशी दोन गोष्टी करतो. किराणा दुकानाच्या काट्यावर एकेक बूट तोलतो, आठ नंबरचा एक बूट सातशे ग्रॅमच्या आत असेल तर समाधान. आणि टाचेच्या मागच्या, बाहेरच्या कोपऱ्यात पट्टीने तळाची जाडी मोजून वहीत लिहितो. तीन आठवड्यांनी पुन्हा मोजतो. एक मिलिमीटर गेली असेल तर हा तळ वर्षभर टिकणार नाही, हिशेब साधा आहे. मग वाट: अंबाजोगाईला मुकुंदराजाच्या समाधीकडे उतरणारा दगडी भाग, तिथून पुढे मुरूम, परत डांबर. चढ-उतारात नाडी ढिली पडते का, घोटा मुरगळण्याआधी बूट धरून ठेवतो का, खडीवर तळव्याला खडा टोचतो का, हे तिथेच कळतं.

पाण्याची तपासणी पावसाळ्याची वाट न बघता करता येते. बादलीत घोट्यापर्यंत पाणी घे, बूट घालून पाच मिनिटं उभा राहा, मग ओल्या बुटाने एक तास चाल. काढल्यावर पुन्हा तोल. वाढलेलं वजन म्हणजे बुटाने प्यायलेलं पाणी. सावलीत ठेव आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत तोल. रात्रभरात निम्मंही पाणी उडालं नसेल तर पावसाळ्यात तो बूट कधीच वाळणार नाही, आणि बोटांच्या बेचक्यात चिखल्या होणार. याच कारणाने 'वॉटरप्रूफ' लिहिलेला स्वस्त बूट मी घेऊ देत नाही. पाणी वरून आत शिरतंच, बाहेर पडायला मात्र वाट उरत नाही, आणि उन्हाळ्यात आत घामाचं तळं होतं. कमानीजवळ जाळीची दोन भोकं असलेला बूट आपल्याकडे शहाणपणाचा. वाळवताना चुलीजवळ, बॉयलरजवळ किंवा पत्र्यावर ठेवू नकोस, वर सांगितलेला गोंद तिथेच मरतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंब आणि दोन-तीन तासांनी बदल.

तळ किती घट्ट धरलाय याचा मानकातला आकडाही तुला उपयोगी पडेल. एक सेंटिमीटर रुंदीची जोड सोलून काढायला साधारण चार किलोची ओढ लागली पाहिजे. घरी हे मोजता येत नाही, पण तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी, ओल-वाळ होऊन गेल्यावर, तोच लग्नपत्रिकेचा कागद पुन्हा कडेने फिरव. नवा असताना न शिरलेला कागद आता शिरला, तर चौथ्या महिन्यात काय होणार ते तुला आजच कळलं. आणि बूट एरवी चांगला असेल, पायाला बसला असेल, तर टाकू नकोस. रबराचा तळ असेल तर काकांसारख्या माणसाकडे ने आणि कडेने जाड मेणाच्या दोऱ्याची शिलाई मारून घे. आमच्याकडे तर आता नवा चिकटवलेला बूट आला की आधी शिलाई, मग पहारा. वहीतल्या 'सोल सुटला' या नोंदी त्यानंतरच कमी झाल्या. नुसता पीयूचा मऊ तळ मात्र शिवू नये, टाक्यांच्या भोकांतून तो फाटतो.

बाजूची चेन नको. घालायला सोपी असते, मान्य आहे, पण माती आणि घामाचं मीठ तिचे दात खातात, आणि चेन गेली की अख्खा बूट गेला. नाडी तुटली तर दहा-वीस रुपयांचा प्रश्न. नाडी बांधताना घोट्याच्या वळणावर दोनदा पीळ दे, मग वर बांध. खाली चवड्यावर ढिली, घोट्यावर घट्ट. टाच जागेवर राहते आणि निम्मे फोड तिथेच थांबतात.

दोन हजार सगळे बुटात घालू नकोस. पंधराशे-सोळाशेचा बूट, उरलेल्यात मोज्यांच्या तीन जोड्या आणि एक चांगली वेगळी सुकतळी, हे तुझ्या टाचेसाठी अडीच हजारांच्या बुटापेक्षा जास्त करेल. स्वस्त बुटातला फोम दोन-तीन महिन्यांत दबून पापड होतो, तो बदलायचाच असतो. मोजे निव्वळ सुती नकोत, ते घाम धरून ठेवतात. नायलॉन मिसळलेले, टाचेला जाड, पोटरीच्या मध्यापर्यंत येणारे घे. मध्यरात्री एकदा मोजे बदल. पाच मिनिटांचं काम आहे, सकाळी फरक जाणवेल. आणि जमेल तेव्हा दुसरी जोडी घे, आळीपाळीने घाल. बुटाला पूर्ण वाळायला एक दिवस मिळाला तर दोन जोड्या मिळून दुपटीपेक्षा जास्त चालतात, हे मी वहीतून सांगतोय. हे सगळं करूनही महिन्याभरात टाच सकाळी उठल्या उठल्या पहिल्या पावलाला कळ देत असेल तर हाडांच्या डॉक्टरला दाखव, बूट बदलत बसू नकोस.

आणि घालण्याआधी बूट उलटा करून झटकायचा, रोज. विंचू आणि खडा, दोन्ही तिथेच सापडतात. तुझ्याबरोबर वयस्कर पहारेकरी असतील आणि कोणाला साखरेचा त्रास असेल तर त्याला बुटात हात घालून फिरवायला सांग. पायाला टोचलेलं त्याला कित्येकदा कळत नाही. आमच्या एका माणसाच्या बुटात खिळ्याचं टोक वर आलेलं होतं आणि त्याला रक्ताने भिजलेला मोजा काढल्यावर समजलं. रात्री वावरात जाताना आठ इंची बूट घोट्यापर्यंत आडोसा देतो, पण घोणस त्याच्या वरही डसू शकते. हातात बॅटरी आणि काठी हवीच.

आता बहिणीचं. वनरक्षक भरतीत मुलींना सोळा किलोमीटर आणि मुलांना पंचवीस किलोमीटर, चार तासांत चालायचं असतं. ते तिने हलक्या, घालून रुळलेल्या चालण्याच्या बुटात करावं. उंच जड बूट त्या दिवशी नको आणि नवा बूट तर अजिबात नको. तूही पोलीस भरतीला उतरणार असशील तर सोळाशे मीटरचा सराव या बुटात करू नकोस, नडगीची हाडं दुखायला लागतील आणि महिना वाया जाईल. तिची निवड झाली आणि गौताळ्यात किंवा किनवटच्या रानात नेमणूक मिळाली की मग उंच बूट लागेल. तेव्हा पुरुषांच्या बुटातला चार-पाच नंबर तिच्या गळ्यात मारू देऊ नकोस. लांबी जुळते, पण टाचेची वाटी रुंद असते आणि मुलींची टाच साधारण अरुंद. बायकांच्या साच्यावर बनलेला मागावा. मिळालाच नाही तर टाचेच्या भिंतीला आतून फेल्टची पट्टी लावून घ्यावी आणि वर सांगितलेली जिन्याची तपासणी त्या पट्टीसकट करावी. मुली बऱ्याचदा चावणारा बूट मुकाट घालतात, सांगत नाहीत. तिला तू स्वतः विचार.

बूट पसंत पडला की सुकतळी उचल आणि खाली बॉलपेनने आजची तारीख लिही. तो गेला की कुठून गेला तेही दुसऱ्या पायात लिही आणि मगच नवा घ्यायला जा. तुझा तो चौथ्या महिन्यात उघडलेला बूट अजून घरात असेल तर टाकू नकोस. गावाकडे येशील तेव्हा जवळच्या बूट शिवणाऱ्याकडून तो उभा चिरून घे आणि आत काय होतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ.